माळ्यावरची जॅकेटं

भटवाडी, घाटकोपर
४ मार्च १९८५

चि. धोंडू,

त्या रविवारी सकाळी मी आधी पाणी भरलं. मग रात्रीचा भात फोडणीला टाकला आणि तुझे दादा गॅलरीत दाढी करत उभे होते तिथेच, त्यांच्या पायाशी बसून, टगवरच्या जॅकेटांच्या नाड्या शिवायला घेतल्या. ऊन चांगलं होतं, म्हणून बाकीची जॅकेटं कठड्यावर टाकली होती. शेजारची लता बादली घेऊन जाता जाता म्हणाली, "काय गं सुगंधा, कोणाचं लग्न काढलंस? एवढ्या गाद्या वाळत घातल्यास." दादा हसले. तोंडाला साबण होता, म्हणून ओठ मिटूनच हसले.

तेवढ्यात वाण्याकडे फोन आल्याचा निरोप आला. कंपनीतून सांगणं होतं, मालाची बार्ज आजच हलवायची, धक्का मोकळा हवा. दादांनी कठड्याकडे पाहिलं. मी विचारलं, जॅकेटं बांधून देऊ का? म्हणाले, निम्म्यांच्या नाड्या उसवलेल्या, नेऊन काय करू? बोटीच्या सर्व्हेला अजून वेळ आहे, तू सावकाश शिव. दुपारी येतोच. मी भात डब्यात भरून दिला. जिना उतरताना त्यांनी वर बघितलं नाही. कधीच बघत नसत.

तुला यातलं बरंच ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण बोलायला घरात कोणी नाही. तेरावं झालं आणि तू कोणाला न सांगता गावी गेलास. पंधरा-सोळाव्या वर्षी तू या घरी आलास तेव्हापासून आमच्या गॅलरीत झोपलास, दादांच्या हाताखाली त्याच टगवर तांडेल झालास, आणि जाताना माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाहीस. मी रागावले नाही. पण मला कारण कळायला हवं.

मी ती 'वनमाला' टग एकदाच पाहिली, दसऱ्याच्या पूजेला. केवढीशी बोट, आणि केवढाल्या बार्जा ओढायची. बोट दादांच्या ताब्यात, तिचे सारंग तेच, म्हणून त्यांनी नारळ फोडला होता आणि तू मला हात धरून फळीवरून आत घेतलं होतंस. ती उलटली कशी, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात वाचनालयात गेले होते. पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली बाई मी, सगळं पान वाचते, जाहिरातीसुद्धा. आतल्या पानावर बातमी होती की टगच्या अपघाताची सरकारी चौकशी व्हायची आहे. जीव वाचवायची जॅकेटं बोटीवर होती, पण सारंगाने ती कोणाला घालायला लावली नाहीत, असं कंपनीचं म्हणणं आहे. मी ते पुन्हा वाचलं. मग घरी आले आणि माळ्यावर चढून बघितलं. जॅकेटं तिथेच आहेत. दादांना आणलं त्या दिवशी लताने घाईघाईने वर टाकली होती, तशीच आहेत.

मुलुंडहून टगवरच्या काशीरामची जानकी येते अधूनमधून. काशीराम अजून सापडलेला नाही, म्हणून तिने कुंकू पुसलेलं नाही. परवा मला म्हणाली, "जॅकेट घातलं असतं तर निदान सापडले तरी असते ना गं?" मी तिला चहा दिला. माळा तिच्या डोक्यावरच होता.

चौकशीत तू काय सांगणार आहेस, ते मला कळव.

तुझी वहिनी,
सुगंधा


मिठबाव, ता. देवगड
१९ मार्च १९८५

ती. वयनीस धोंडूचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. शिमगा होता म्हणून उत्तराला उशीर झाला. यंदा मी पालखीला खांदा दिला नाही. आई म्हणाली, सुतक संपलं आता, जा. पण पाय चालेनात.

आईच्या गुडघ्याचं दुखणं तसंच आहे. कलमांना मोहर बरा होता, पण तुडतुड्याने खाल्ला. पाण्यात जाऊन आल्यापासून माझ्या कानात आवाज होतो, तो थांबत नाही. रात्री विहिरीवर राट चालला तरी दचकतो. न सांगता निघालो ते चुकलंच. तुमच्या समोर बसायची ताकद नव्हती.

वयनी, चौकशीचं तुम्ही मनावर घेऊ नका. ते साहेब लोकांचं काम असतं, ते करतील. कंपनीचे लोक वाईट नाहीत. ऑफिसातले मधुकरराव, पार्ल्याला राहणारे, तुम्हाला ठाऊक आहेत, दिवसाला आले होते ते. ते एखाद्या दिवशी घरी येतील. माळ्यावरची जॅकेटं त्यांना द्या आणि मोकळ्या व्हा. आणि ती आपल्या घरी होती हे कोणाला बोलू नका, जानकीवयनीला तर मुळीच नको. बोटीवरचं सामान सारंगाने घरी नेलं असं कळलं, तर सगळं दादावर येईल. आता आहे त्यात निदान एवढंच म्हणतात की लक्ष दिलं नाही.

दादा गेला. त्याचं नाव तरी राहू दे.

मला बहुतेक मे महिन्यात परत यायला लागेल. काम मिळण्यासारखं आहे. नक्की झालं की कळवतो.

धोंडू


भटवाडी, घाटकोपर
३१ मार्च १९८५

चि. धोंडू,

मधुकरराव येऊन गेले. बरोबर टेम्पो आणला होता. भला माणूस आहे, चपला बाहेर काढून आला, दादांच्या फोटोला हात जोडले. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला त्रास द्यायला नको वाटतं, पण जॅकेटं न्यायला आलोय." मी म्हटलं, पेपरात तर ती बोटीवर होती असं आहे. मग ती इथे कशी? ते खाली बघून म्हणाले, "कागदावर ती बोटीवरच आहेत. म्हणून तर इथे असून चालत नाही."

मी चहा ठेवला. आलेल्या माणसाला चहा न देता काही विचारणं मला जमत नाही. चहा पिता पिता त्यांच्या तोंडून निघून गेलं की घाई आहे, कारण कंपनीच्या दुसऱ्या टगचा, 'सुंदरा'चा सर्व्हे पुढच्या महिन्यात आहे. मला आधी समजलं नाही. मी विचारलं, सुंदराची जॅकेटं कुठे गेली? तर म्हणाले, "हीच की. आज वनमालाला, उद्या सुंदराला. पांढऱ्या रंगाने नाव बदलायचं. सर्व्हेचे साहेब मोजतात, खोळ फाटलेली नाही ना बघतात, आणि सही करतात. सगळीकडे असंच चालतं, वहिनी. मी काय नवीन सांगत नाही."

खरंच नवीन नव्हतं. दर वर्षी दादा जॅकेटं आणायचे आणि मी शिवायची. एखाद्या खोळीवर नव्या नावाखाली जुनं नाव पुसट दिसायचं. मला वाटायचं, जुनी बोट मोडीत काढली असेल. खोळ शिवताना आतला सावरीचा कापूस हाताला चिकट लागायचा, डिझेलचा वास यायचा. दादांना म्हटलंही होतं, असली उशी मी कोणाच्या डोक्याखाली देणार नाही. ते म्हणाले, मी वर बोललोय, नवीन द्या म्हणून. वरून सांगतात, खोळी शिवून घ्या.

मी मधुकररावांना जॅकेटं दिली नाहीत. माळ्याची शिडी शेजाऱ्यांनी नेलीय म्हणून सांगितलं. शिडी दारामागेच होती. त्यांनी ती पाहिली असणार, पण बोलले नाहीत. उठताना म्हणाले, माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे, विचार करा. आणि मग म्हणाले, "धोंडूने तर लिहूनही दिलंय. तुम्ही कशाला वेगळं बोलता?"

काय लिहून दिलंस तू?

तुला सुंदरावर घेणार आहेत का? मे महिन्यातलं काम म्हणजे तेच का?

आडवळणाने लिहू नकोस. कलमांचा मोहर मला माहीत आहे.

सुगंधा


मिठबाव
९ एप्रिल १९८५

ती. वयनी,

सांगतो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं होतं. कागद तयार होता. जॅकेटं बोटीवर होती, सारंगाने घाला म्हटलं नाही, असं त्यात होतं. खाली मी सही केली. म्हणाले, सुंदरावर तांडेल म्हणून घेऊ. सही करून तुमच्याकडे आलो, तुम्ही माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. ते मला खाववलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो.

आता त्या दिवशीचं.

धक्क्यावर आम्ही दोर चढवत होतो. दादाने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, "आज जाकेटां नाय आसत. घराक शिवूक दिलंय. पाय घट्ट ठेवा रे, कोणी मस्ती करू नका." काशीरामला मस्करीशिवाय राहवायचं नाही. तो म्हणाला, "सारंगानू, वयनीन शिवलेली म्हणजे नवीच झाली. आमी ती घालून लग्नाक जाव." सगळे हसले. दादापण हसला. पण तो म्हणाला, मी वर फोन करून सांगितलंय, आज नको म्हणून. ऐकणारे कोण.

बार्ज भरलेली होती. लाईटहाउसच्या पुढे गेलो आणि ओहोटीच्या ओढीने बार्ज आडवी आली. दोर मागे राहायचा तो बाजूला गेला आणि टग आडवी ओढायला लागला. अशा वेळी दोराच्या हुकाचा खटका सोडायचा, की दोर सुटतो आणि बोट सरळ होते. दादा आणि काशीराम दोघे खटक्याकडे धावले. खटका गंजलेला होता. दादा त्यावर उभा राहून लाथा मारत होता. मी पुढच्या अंगाला होतो, बाकीचे मागे बार्जवर. दादा ओरडला, "धोंड्या, उडी मार." मी मारली. मागे बघितलं तेव्हा बोटीचं पोट वर होतं. मला एक फळी मिळाली.

वयनी, दादाने उडी मारली नाही. मारता आली असती. तो शेवटपर्यंत खटक्यावर होता.

मी हे कागदावर लिहिलं नाही, कारण मला कोणी विचारलंच नाही. त्यांनी फक्त जॅकेटांचं विचारलं.

मला सांगा, जॅकेटं असती तर ते दोघे वाचले असते का? मी रोज हेच बघतो. मी स्वतः दादाला त्या शनिवारी म्हटलं होतं, ने घरी, वयनी शिवील. गाठोडं टॅक्सीत मीच चढवलं.

सुंदराचं काम एक मेपासून आहे. दुसरं काय काम येतं मला? होडी नाही, जाळं नाही. तुम्ही जॅकेटं दिली नाहीत तर सर्व्हे अडेल, आणि मधुकरराव म्हणतात मग कामही नाही.

तुम्ही सांगाल तसं करीन, असं लिहायला हात उठतो, पण खरं असेल की नाही माहीत नाही.

धोंडू


भटवाडी, घाटकोपर
२२ एप्रिल १९८५

चि. धोंडू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. दादा खटक्यावर उभे होते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वाईटही वाटलं असतं, पण वेगळं वाटलं असतं. मी आजवर त्यांना पाण्यातच बघत होते. आता ते मला उभे दिसतात.

तू विचारलंस, असती तर वाचले असते का. मीही तेच विचारत होते, तुझ्या आधीपासून. मग ठरवलं की बघायचं.

शनिवारी दुपारी शिडी लावली आणि एक जॅकेट खाली काढलं. मी शिवून पूर्ण केलेलं, नाड्या नव्या, खोळ नीट. लताचं पत्र्याचं पिंप मागून घेतलं, काठोकाठ भरलं. नुसतं जॅकेट टाकलं तर तरंगणारच, म्हणून नाड्यांना पाट्याचा वरवंटा बांधला. लता म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं." पण वरवंटा बांधायला तिनेच गाठ मारली, माझी गाठ सुटत होती.

जॅकेट तरंगलं.

मी पिंपाशी उभी राहिले. धोंडू, ते तरंगावं की बुडावं, काय मागायचं तेच मला कळत नव्हतं. तरंगलं तर मी शिवलेलं चांगलं होतं आणि ते कठड्यावर वाळत होतं. बुडालं तर दादांनी नेलं नाही म्हणून काही बिघडलं नाही, पण मग मी एवढी वर्षं शिवत काय होते? मी आत जाऊन तांदूळ निवडायला बसले. नजर तांदळावर ठरत नव्हती. भात शिजून उतरवला आणि पुन्हा गेले, तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि जॅकेट खाली बसलं होतं. पांढरी अक्षरं तेवढी वरून दिसत होती.

पाण्यातला माणूस वरवंट्याहून जड की हलका, ते मला ठाऊक नाही. ते तपासणाऱ्यांना ठाऊक असेल. मला एवढं कळलं की त्या कापसात तेल भरलंय आणि तो पाणी पितो.

मी तशीच उभी असताना मागून जानकी आली. मुलुंडहून चौकशीची नोटीस दाखवायला आली होती, तिलाही बोलावलंय. तिने पिंपात वाकून बघितलं आणि अक्षरं वाचली. "वनमाला? हे इथे कुठून आलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माळ्यापर्यंत. मग तिने पदर खोचला, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि जॅकेट वर ओढलं. ते इतकं जड झालं होतं की तिला दोन्ही हात लावावे लागले. काठावर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे त्यांनी घातलं नाही, असं नाही," ती म्हणाली. "घालायला नव्हतंच."

"नव्हतंच," मी म्हटलं. "आमच्या घरी होतं."

"इतके दिवस मी त्यांनाच शिव्या घालतेय. रोज. फोटोसमोर उभी राहून. जॅकेट घालायला काय झालं होतं तुम्हाला, असं विचारतेय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तू चहा करून देत होतीस."

ती निघाली. मी जेवायला थांब म्हटलं, थांबली नाही. जिन्यावर लता तिच्या मागे गेली, तिलाही तिने परत पाठवलं.

मी संध्याकाळी दिवा लावला आणि दादांच्या फोटोसमोर बसले. त्यांच्याशी मी फार बोलत नसे, ते असतानाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, तुमचं नाव राखायचं म्हणून धोंडू खोटं बोलला, मी गप्प बसले आणि जानकी आपल्या माणसाला शिव्या देत राहिली. असलं नाव तुम्ही घेतलं नसतं. जॅकेटं तुम्ही घरी आणली, ती चूकच होती, आणि ती नसताना बोट बाहेर काढली, तीही चूक होती. मी ती तशीच सांगणार आहे. तुम्ही नवीन मागितली होती हेही सांगणार आहे, आणि खटक्याचंही, धोंडूने लिहिलंय तेवढं. तुम्ही भले होता म्हणून मी काही गाळणार नाही.

आता तुझं. तुझं पत्र मी कोणाला दाखवणार नाही. ते तुझं आहे. जे सांगायचं ते तू तुझ्या तोंडाने सांग, नाहीतर सांगू नकोस. पण खटका गंजलेला होता हे पाहिलेला आता तू एकटाच जिवंत आहेस. चौकशी महिनाअखेरपर्यंत चालेल. गॅलरीतली तुझी गादी आहे तिथेच आहे.

आणि सुंदरावर पाय ठेवू नकोस. ही जॅकेटं पुन्हा रंगवून तिच्यावर जाणार होती, आणि तिच्यावर तू जाणार होतास. दादांनी तुला उडी मार म्हणून ओरडून सांगितलं, ते अशासाठी नाही. काम गेलं तर गेलं. वाण्याच्या गोदामात हमाली कर, मी बोलून ठेवते. तुला राग येईल. येऊ दे.

मधुकरराव रविवारी पुन्हा आले होते. या वेळी शिडी माळ्याला लावलेलीच होती आणि एक जॅकेट कठड्यावरून गळत होतं. त्यांनी ते पाहिलं, पिंप पाहिलं, चपला काढल्याच नाहीत. दारातूनच, दादांच्या फोटोकडे बघत म्हणाले, "वहिनी, यात सहदेवचंच नाव खराब होईल." मी म्हटलं, होय, थोडं होईल. ते तरी उभे राहिले. मग म्हणाले, चौकशीची कचेरी दहाला उघडते, आत गेल्यावर उजवीकडे विचारा. आणि टेम्पो रिकामाच घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी जॅकेटं उतरवली आणि दोन चादरींत बांधली. खाली आले तर वाण्याच्या दुकानापाशी जानकी उभी होती. कुंकू होतं तसंच होतं. तिने एक गाठोडं उचललं. चौकशीच्या कचेरीत आम्ही दोन्ही गाठोडी साहेबांच्या टेबलावर सोडली. खोळी कोणी शिवल्या असं त्यांनी विचारलं, मी शिवल्या म्हणून सांगितलं. पिंपातलं जॅकेट अजून वाळलं नव्हतं. ते मी ओलंच नेलं.

तुझी वहिनी,
सुगंधा